डब्यातली भट्टी

बावीस वर्षं मावशी बेकरीत पीठ मळत आल्या, भट्टीकडे पाठ करून. भट्टी उस्तादांची. मळणाऱ्याने भट्टीत डोकावायचं नाही, हा तिथला रिवाज. पण पाठीला डोळे नसले तरी मावशींना नाक होतं. पाव कच्चा आहे, झाला, की करपतोय, हे त्या न बघता सांगत.

उस्ताद आता काम सोडणार होते. मावशींनी मालकीणबाईंना सरळ विचारलं, "भट्टी मला द्याल?"

उस्ताद हसले. "मळणं वेगळं, मावशी, आणि आग वेगळी."

मालकीणबाई धोरणी. रविवारी सगळे सहलीला नदीवर जाणार होते. "तिथे पाव भाजून दाखवा," त्या म्हणाल्या. "उस्तादांना पटला, तर सोमवारपासून भट्टी तुमची."

मावशी दोन पावांचं पीठ घेऊन गेल्या. नदीकाठी तेलाचा रिकामा डबा दगडांवर आडवा ठेवला. पावाला थेट आच लागू नये म्हणून आत वाळू पसरली. खाली विस्तव, वर निखारे, तोंडाला पत्र्याचं झाकण. आत तळहात धरून धग जोखली आणि पाव सरकवला.

इथवर सगळं झकास. मग बोटं शिवशिवायला लागली. पीठ दाबून बघायची जुनी खोड. झाकण काढ, दाब, लाव. पुन्हा काढ. पाचव्यांदा पाव मधोमध बसला तो बसलाच.

"उशी छान झाली," उस्ताद म्हणाले. "दुपारी डोक्याखाली घेतो."

सगळे खो खो हसले. मावशींची कानशिलं तापली. त्यांनी दुसरा पाव आत ठेवला, झाकण लावलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या. डब्याकडे पाठ करून.

"अहो, बघा तरी!" मालकीणबाईंना राहवेना.

"नाक बघतंय."

उस्तादांनी निखारे सारायला काटकी उचलली.

"हात लावायचा नाही, उस्ताद," मावशी मान न वळवता म्हणाल्या. "आज भट्टी माझी आहे."

उस्तादांनी काटकी खाली ठेवली.

आधी आंबूस वास आला. मग गोडसर. मग खमंग. मावशी उठल्या, झाकण काढलं. एकदाच. पाव टम्म फुगला होता, तांबूस, एका कडेला जरा वाकडा.

उस्तादांनी तो उलटा करून बोटाने ठोकला, कान लावला. आवाज पोकळ आला, रिकाम्या लाकडी पेटीसारखा. त्यांनी कड मोडून खाल्ली. मग दुसरीही मोडली.

"भट्टी पहाटे चारला पेटवायची असते," ते शेवटी म्हणाले. "उशीर चालत नाही."

"साडेतीनला येईन," मावशी म्हणाल्या. "आणि मळायचं टेबल फिरवून घेणार आहे. जो मळेल त्याचं तोंड भट्टीकडे पाहिजे."