पत्रा पातळ आहे

माझ्या साडूंनी घेतलेली पहिली गाडी उत्तम होती. गाडी चांगली होती, किंमत योग्य होती आणि घ्यायची वेळही बरोबर साधली होती. एवढं साधं वाक्य मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं, त्यांच्या विश्रांतवाडीच्या बिल्डिंगखाली, बॉनेटवरचं कुंकू ओलं असताना. तेव्हा मी वेगळंच काहीतरी बोललो. आता माझं वय झालं आहे आणि आमच्या नात्यागोत्यात त्या गाडीचा विषय अजूनही निघतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

साडू हे नातं अवघड. भाऊ नाही, मित्र नाही. एकाच सासऱ्याने दोन वेळा केलेली जावयाची निवड, आणि दुसऱ्या वेळेपर्यंत सासरा जास्त शहाणा झालेला असणार, ही शंका पहिल्याच्या मनात कायमची. मी पहिला.

मी भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. बनून आलेला भाग हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा आणि खोट सापडली की बाजूला टाकायचा. पगार नापास करण्याचा होता आणि त्याची सवय हळूहळू घरी आली. सासरच्या मंडळींनी तर मला पक्का तज्ज्ञच करून टाकलं. फ्रीज घ्यायचा, भाऊजींना विचारा. पंखा घ्यायचा, भाऊजींना न्या सोबत. एकदा एका लांबच्या मेहुणीसाठी स्थळ बघायलाही मला नेलं होतं. मुलगा मी नापास केला. तो पुढे चांगला निघाला, पण ते जाऊ दे.

आमच्या पिढीला गाडी अशी घेता येत नसे. नंबर लावायचा आणि विसरून जायचं. स्कूटरचा नंबर वडिलांनी लावला होता, स्कूटर आली ती माझं लग्न झाल्यावर. पुढे मी छोट्या मोटारीचा नंबर लावला. रंग निवडायची सोय नव्हती, येईल तो आपला. मला शिळ्या चहाच्या रंगाची मिळाली. तिच्यावर मी जीव टाकत असे. ती दारात येते न येते तोच सगळं मोकळं झालं. बाहेरच्या कंपन्या आल्या, पुण्यात काचेच्या शोरूम उघडल्या, आत गेलेल्या माणसाला थंडगार सरबत मिळू लागलं. ज्याला आयुष्यभर काउंटरवरच्या माणसाने ‘नंतर या’ म्हटलं, त्याला कोणी ‘या सर’ म्हटलं की आधी तो मागे वळून बघतो. मीही एकदा बघितलं होतं.

साडू तेव्हा नव्याने निघालेल्या एका कॉम्प्युटर कंपनीत हिशेब सांभाळत. स्वभावाने गरीब. काही विचारलं की आधी बायकोकडे बघायचे. एके दिवशी त्यांचा फोन आला.

“भाऊजी, रविवारी सगळे या. गाडी आलीये.”

“आलीये म्हणजे? नंबर कधी लावला होतात?”

“नाही लावला. दुकानात होती, घेतली.”

दुकानात होती, घेतली. कोथिंबीर घेतल्यासारखं बोलले.

मी रिसीव्हर ठेवला आणि बायकोला म्हणालो, “फसले.” अजून गाडी पाहिलीही नव्हती. पण आमचं गणित सरळ होतं. चांगल्या वस्तूसाठी वाट बघावी लागते, जी लगेच मिळते तिच्यात काहीतरी खोट असते. विकायला बसलेत, त्याअर्थी खपत नसणार. आणि खरं सांगायचं तर मला झोंबलं ते आणखीच वेगळं. साडूंनी आयुष्यात पहिल्यांदा कोणालाही न विचारता काही घेतलं होतं, आणि त्या कोणालाहीमध्ये मी होतो.

रविवारी गेलो. गडद निळी गाडी, हार घातलेला, चाकांखाली लिंबं. अख्खी बिल्डिंग खाली उतरलेली. पुण्यात नव्या गाडीला पहिला प्रश्न, केवढ्याला पडली. दुसरा, अ‍ॅव्हरेज किती. तिसरा प्रश्न नसतो, निकाल असतो. साडू पेढ्यांचा खोका घेऊन उभे होते आणि मेहुणी माझ्याकडे बघत होती. त्यांची लहान मुलगी मागच्या सीटवर बसून काच खालीवर करत होती.

मी गाडीभोवती एक फेरी मारली. दार उघडून लावलं. माझ्या गाडीचं दार ‘खडाक्’ असं लागायचं आणि तरी पुन्हा ढकलावं लागायचं. हे ‘धप्’ असं मऊ लागलं. मी ते दोनदा लावून पाहिलं आणि दुसऱ्या वेळी मला जास्तच वाईट वाटलं. मग कलिंगडावर वाजवतात तसं बोटांच्या पेरांनी बॉनेटवर वाजवलं.

“पत्रा पातळ आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे काय, भाऊजी?” मेहुणीने विचारलं.

“म्हणजे काही नाही. छान आहे. रंग छान आहे.”

एवढं पुरलं. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ पुढे आले. “मी ह्यांना म्हटलंच होतं. परदेशी कंपनी. उद्या गाशा गुंडाळून गेली, तर सुटे भाग कुठून आणणार?”

“आणि विकायला काढली, तर कोण विचारतंय,” दुसरे म्हणाले.

“पण मला विकायची नाहीये,” साडू म्हणाले.

यावर लोक एकमेकांकडे बघून हसले. मुलगी बघायला जातानाच काडीमोडाचा विचार करावा, तसा आम्ही गाडी घेतानाच ती विकण्याचा विचार करत असू. तो न करणारा माणूस भाबडा. मेहुणीने नवऱ्याच्या हातातला खोका घेतला आणि म्हणाली, “मी सांगत होते, आधी भाऊजींना विचारा.” साडूंनी पेढा तोंडात टाकला, म्हणजे उत्तर द्यायला नको.

तिथवर निदान मला माझंच थोडंफार खरं वाटत होतं, असं म्हणता येईल. त्यानंतर तीही सबब राहिली नाही.

पुढच्याच महिन्यात सासूबाईंना भेटायला आम्ही सगळे त्यांच्या गाडीने साताऱ्याला निघालो. साडू, मेहुणी, त्यांची मुलगी आणि आम्ही दोघं. स्वारगेटला साडूंनी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरले. “भाऊजी, इथून तुम्ही चालवा. चालवून सांगा.” मी कात्रजचा जुना घाट पाच माणसं, सामान आणि चालू एसी घेऊन चढलो. माझ्या गाडीने तो घाट चढताना खिडक्या उघडायच्या, दुसरा गिअर धरायचा आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. इथे तिसऱ्या गिअरवर गाडी वर जात होती आणि मागे बहिणी लोणच्याच्या मसाल्यावर वाद घालत होत्या. मी वळणामागून वळण घेत होतो. बोगदा आला तेव्हा मला वाटलं, घाट अजून थोडा असायला हवा होता.

पलीकडे चहाला थांबलो. बायका पुढे गेल्या. साडू माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “आता सांगा. कशी आहे?”

त्यांना ते बायकोला नेऊन सांगायचं होतं. तेवढ्यासाठीच त्यांनी मला चालवायला दिली होती. मला हे कळत होतं.

“ठीक आहे,” मी म्हणालो. “क्लच जरा जड वाटला.”

क्लच लोण्यासारखा होता. मला वाटलं, ते म्हणतील, छे, काहीतरीच काय. त्यांनी मान हलवली. “हो, मलाही वाटला होता.”

तिथून पुढे गाडी त्यांनीच चालवली, आणि प्रत्येक वेळी क्लच दाबताना पायाकडे लक्ष देऊन.

तेव्हापासून साडू आमच्यात फसलेले गृहस्थ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांनी बटाटे आणले तरी मेहुणी विचारायची, “पत्रा बघितलात का?” आमच्याकडे ती म्हणच झाली. मिक्सर आणला, पत्रा पातळ. सुट्टीत जायचं हॉटेल ठरवलं, पत्रा पातळ. तेही हसायचे. पुढे त्यांचं ऑफिस हिंजवडीला गेलं. ते म्हणाले, आपण तिकडेच राहायला जाऊ, गाव आहे तोवर जागा घेऊन टाकू. मेहुणी म्हणाली, “तुम्ही नका ठरवू काही. भाऊजींना विचारते.” तिने विचारलं, आणि मी म्हणालो, इतक्या लांब कोण राहणार. मग ते निवृत्त होईपर्यंत विश्रांतवाडी ते हिंजवडी करत राहिले, त्याच गाडीने. गाडी एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. सुटे भाग मिळत राहिले. माझी शिळ्या चहाची केव्हाच गेली होती, घेणाऱ्याने ती कोंबड्यांच्या खाद्याची पोती न्यायला वापरली असं ऐकलं. पण एकदा निकाल लागल्यावर तो पुन्हा कोण तपासतो? मी तपासणी खात्यात होतो, मला हे माहीत असायला हवं होतं.

मग परवा साडूंची मुलगी आली. काचा खालीवर करणारी तीच. आता हिंजवडीला नोकरी करते, कंपनीच्या बसला कंटाळली आहे.

“काका, शनिवारी माझ्याबरोबर शोरूमला याल? दोन गाड्या शॉर्टलिस्ट केल्यात. रिव्ह्यू बघून बघून डोकं आउट झालंय.”

“बाबांना ने की.”

“बाबा? काका, प्लीज. सेल्समनने स्माइल दिलं तरी बाबा सही करतात. पहिल्या गाडीत कसे गंडले होते.”

“तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? सगळ्यांनाच माहितीये.”

बायको समोर भेंडी चिरत होती. तिने सुरी थांबवली नाही. “सांगा आता,” ती म्हणाली.

“काय सांगू?”

“कात्रजच्या घाटात तुम्ही शीळ घालत होतात. पार बोगद्यापर्यंत. क्लच जड असताना कोणी शीळ घालतं का?”

मला शीळ आठवत नव्हती. इतकी वर्षं ती हे मनात ठेवून माझ्याबरोबर राहिली, हे त्या दिवशी कळलं. मी तिला विचारलं, आधी का नाही बोललीस. म्हणाली, “तुम्ही सांगाल, असं वाटलं होतं.”

भाचीला घेऊन मी लगेच विश्रांतवाडीला गेलो. साडू पेपर वाचत होते. मेहुणी पाणी घेऊन आली. ती बसेपर्यंत मी थांबलो, कारण तिला कळायला हवं होतं, आणि मग म्हणालो, “तुमची ती निळी गाडी चांगली होती. सौदाही चांगला होता. मी मुद्दाम नावं ठेवली.”

“पत्रा?” मेहुणीने विचारलं.

“पत्रा सगळ्याच नव्या गाड्यांचा तसाच असतो. मला त्या दिवशीही माहीत होतं.”

“आणि क्लच?” हे साडूंनी विचारलं. म्हणजे त्यांना आठवत होतं.

“लोण्यासारखा होता.”

मेहुणी नवऱ्याकडे बघत बसली, आणि ते बघणं मला तिथे बसून सोसवेना. साडूंनीच पेपरची घडी घातली. “जाऊ दे हो, भाऊजी. आमचा फायदाच झाला. तुमची गाडी चांगली म्हणून मुंजीला, लग्नाला, स्टेशनवरून पाहुणे आणायला सगळ्यांनी नेली. परत आली की टाकी रिकामी. आमची कधी कोणी मागितली नाही. फसलेली गाडी कोण मागणार?”

आम्ही हसलो. त्यांनी मला सोडवायचं म्हणून हे म्हटलं की खरंच त्यांना तसं वाटत होतं, ते मला सांगता येणार नाही. सासरा दुसऱ्या वेळी शहाणा झाला होता, एवढं मात्र नक्की.

“बाबा, शनिवारी मोकळे आहात?” मुलीने विचारलं.

“भाऊजींना ने. त्यांना गाड्यांतलं कळतं.”

हे टोमण्याने म्हटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ते सवयीने म्हटलं.

“ते काही नाही,” मेहुणी म्हणाली. “तुम्हीच जायचं. आणि तुम्हाला आवडेल तीच घ्यायची.”

गाडी आली त्या रविवारी आम्ही गेलो. पुन्हा हार, लिंबं, पेढे. बिल्डिंगमधली माणसं बदलली आहेत, प्रश्न तेच आहेत. सवयीने दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

साडू गाडीभोवती फिरले. दार उघडून लावलं, कान देऊन ऐकलं. बॉनेटवर हात ठेवला, पण वाजवलं नाही.

“कशी आहे, बाबा?”

“चांगली आहे,” ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि बायकोकडे न बघता.

मग पेढ्यांचा खोका घेऊन ते माझ्यापाशी आले, पेढा पुढे केला आणि हळूच म्हणाले, “ऑटोमॅटिक घेतलीये, भाऊजी. हिला क्लचच नाहीये. तुमची पंचाईत झाली.”