इंदू वैनींनी उघडलेले ब्रेक

गाडी दुरुस्तीला आली की इंदू वैनी लगेच बॉनेटला हात लावत नसत. मालकाला बाकावर बसवायच्या आणि काय काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लावायच्या. त्याचं बोलून संपलं की पदर खोचत म्हणायच्या, "आता गाडीला इचारते. ती खोटं बोलत नाय."

नाचणे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला, माझ्या घरासमोरच त्यांचं गॅरेज. मूळचं ते त्यांच्या नवऱ्याचं, मनोहर मेस्त्रींचं. मेस्त्री इंजिन आणि ब्रेक बघत; वैनी मागच्या खोलीत डायनामोचं वाइंडिंग करत. माझी स्कूटरही तिथंच यायची आणि वैनी मला बाकावर बसा म्हणायच्या. आमच्या वाडीतले मोठे बागायतदार म्हणजे आबा. त्यांच्या जुन्या इटालियन गाडीच्या खोडी या दोघांनाच ठाऊक. एकदा तिचा इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा नाचायला लागला आणि दिवे मंद व्हायला लागले. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, तरी मला कारण सांगता येईना. वैनींनी पत्र्याला जोडलेलं वायरीचं एक टोक पॉलिश पेपरनं घासलं आणि सगळं शांत झालं.

"गुरुजी, करंट नुसता जाऊन चालत नाय, त्याला परत यायला वाट लागते. खाऱ्या हवेनं ती गंजली व्हती. ब्रेकच्या तेलाचं पन तसंच हाय."

दोनेक वर्षांनी घाट उतरताना त्याच गाडीचे ब्रेक गेले. गाडी रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या गडग्यावर, त्या दगडी बांधावर, आदळली, आबांच्या पत्नीचा हात मोडला. गावकीच्या बैठकीत, देवळात, आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "मनोहरानं ब्रेक धड बसवले नाहीत. त्याच्याकडे गाडी द्याल तर जीव गमवाल."

"एकदा उघडून बघू द्या," म्हणून मेस्त्रींनी हात जोडले. आबांनी गाडी बागेतल्या मांगरात, अवजारांच्या खोपटात, ढकलली आणि कुलूप घातलं. गॅरेज ओस पडलं. मेस्त्री रोज सकाळी शटर उघडायचे आणि रिकाम्या बाकावर बसून राहायचे. चौथ्या वर्षी ते गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा वैनींच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "ती गाडी माज्याकडंच येनार," त्या म्हणाल्या. "तवर मी ब्रेकचं काम शिकून ठेवते." आणि खरंच, पन्नाशीला टेकलेली ही बाई भंगारातले ब्रेक सिलिंडर आणून खोलायला बसली. रबरं कशानं कडक होतात, कशानं फुगतात, हे तिनं तेलात बुडवून बुडवून पाहिलं. हळूहळू गिऱ्हाइकंही परतली.

मग आबांच्या नातवाचं लग्न ठरलं. नवरदेवाला त्याच गाडीतून वरात काढायची हौस. नव्या मेकॅनिकांनी ती बघून हात वर केले. शेवटी आबा स्वतः वैनींच्या बाकावर येऊन बसले.

"करीन," वैनी म्हणाल्या. "पन ब्रेक खोलीन त्या दिवशी तुमी समोर हवेत."

लग्नाला तीन दिवस राहिले असताना त्यांनी आबांना बोलावलं. रस्त्यावरची चार माणसं जमली, मीही गेलो. गाडी चार ठोकळ्यांवर, चाकं काढलेली. वैनींनी काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेतलं. एकात नवं ब्रेक ऑइल ओतून ढवळलं. ते पाण्यात मिसळून गेलं. दुसऱ्यात आबांच्या गाडीच्या ब्रेकच्या टाकीतलं तेल ओतलं. ते काळपट तवंगासारखं वर तरंगत राहिलं.

"ह्ये इंजिनाचं तेल. ह्येच्यानं ब्रेकची रबरं फुगली, तेल परत येईना. ब्रेक धरून राहिले, तापले आनि घाटात गेले. माज्या मानसानं ह्ये घातलं नव्हतं. मग कोनी घातलं, आबा?"

आबांनी ग्लास उचलून पाहिला. "अपघाताच्या आदल्या दिवशी जयगडला थांबलो होतो. तेल कमी दिसलं. डिकीत डबा होता, मीच ओतलं."

"मेस्त्रींना दोष दिलात तवा ठावं व्हतं?"

"संशय होता," आबा पुटपुटले. मग म्हणाले, "इंदू, माझं चुकलं. मी हात जोडतो."

"हितं नको. जिथं बोललात तिथं बोला. तवर गाडी हितनं हलायची नाय."

दुसऱ्या दिवशी देवळात गावकी बसली. आबा उभे राहून सगळं बोलले, मनोहरचं नाव घेऊन बोलले. वैनी पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या. आबांचा आवाज खाली गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "मागं ऐकू येत नाय. पुन्यांदा सांगा." आबांनी पुन्हा सांगितलं. वैनी उठल्या, गॅरेजवर गेल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळी रबरं बदलून गाडी बाहेर काढली. "आता परत हिकडं आनू नका," एवढंच त्यांनी आबांना सांगितलं.

मी गॅरेजवर गेलो. त्यांच्यापाशी जाऊन म्हटलं, "वैनी, जिंकलात. आज मेस्त्री हवे होते."

हात पुसता पुसता त्या थांबल्या. "गुरुजी, ते नुसते बाकावर बसून असायचे त्या चार वर्षांत तुमची स्कूटर कुठं दुरुस्त व्हायची?"

"बाजारातल्या गॅरेजात," मी सांगितलं. त्यांनी पाना उचलला आणि दुसऱ्या गाडीकडे वळल्या.

गेल्या वर्षी वैनी गेल्या. त्या संध्याकाळनंतरही अखेरपर्यंत त्या माझ्याशी नीट बोलल्या, स्कूटरही दुरुस्त करून देत राहिल्या. बाकावर बसा मात्र पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.