बाबांनी बरोबर केलेली वेळ

वसुलीचं तिसरं पत्र आलं, तेव्हा कुठे आम्ही पहिली दोन शोधायला घेतली. एक फ्रीजवर पिझ्झाच्या जाहिरातीमागे चुंबकाखाली सापडलं. दुसरं नवऱ्याच्या सायकलच्या पिशवीत होतं, पावसात भिजून पुन्हा वाळलेलं, पापडासारखं कडक. दोन्ही न उघडलेली. डच पत्रांचं आमच्या घरी असंच व्हायचं. निळं पाकीट असलं तर टॅक्सचं, ते लगेच उघडायचं. बाकी सगळी ‘शनिवारी बघू’.

तिसऱ्यावर मात्र लाल अक्षरं होती. आम्ही फोन धरून भाषांतर केलं. एका इन्कासो कंपनीचं, म्हणजे वसुली करणाऱ्यांचं पत्र होतं. दोन वर्षांपूर्वी आमची गाडी एका दुकानाच्या खाजगी पार्किंगमध्ये नियम मोडून उभी होती. मूळ दंड पंचेचाळीस युरो, आता खर्च आणि व्याज धरून एकशे अठ्ठावन्न. चौदा दिवसांत भरा, नाहीतर प्रकरण बेलीफकडे जाईल.

“कुठली गाडी?” नवरा म्हणाला. “ती तर आपण विकली.”

“गाडी विकली म्हणून दंड विकला जात नाही,” मी म्हटलं.

तो चिडला, कारण गाडी लावण्याच्या बाबतीत तो फार काटेकोर. इथे बऱ्याच ठिकाणी फुकट पार्किंगला एक निळी पुठ्ठ्याची चकती लागते. आपण किती वाजता आलो ते चकतीवर फिरवून लावायचं आणि ती काचेमागे ठेवायची, म्हणजे तिथून पुढे दोन तास आपले. तो ही चकती कधी विसरत नाही. त्यामुळे त्याने त्याच दिवशी कंपनीला कडक ईमेल लिहिली, की पुरावा दाखवा.

चार दिवसांनी पुरावा आला. दोन फोटो.

पहिल्यात आमची जुनी राखाडी गाडी, मागे गाद्यांच्या दुकानाची पाटी. दुसरा फोटो समोरच्या काचेतून आत काढलेला. काचेमागे निळी चकती व्यवस्थित ठेवलेली, तिच्यावर पावणेतीनची वेळ. फोटोच्या कोपऱ्यात फोटो काढल्याची वेळ, सकाळचे अकरा वाजून बावीस मिनिटं. आणि चकतीच्या मागे, पुढच्या सीटवर, पट्टा लावून ताठ बसलेले, माकडटोपी घातलेले, कॅमेऱ्याकडे बघून प्रसन्न हसणारे माझे बाबा.

आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता तो फोटो बघत राहिलो. मग नवऱ्याच्या नाकातून एक आवाज आला आणि मी खुर्चीतून खाली बसले ती दहा मिनिटं उठलेच नाही.

आई-बाबा तेव्हा सांगलीहून पहिल्यांदाच आले होते. आम्ही बुइटनव्हेल्डर्टच्या फ्लॅटमध्ये राहायचो आणि पाहुण्यांच्या गादीने बाबांची पाठ धरली होती, म्हणून नवी घ्यायला गेलो. आई त्या दुकानात प्रत्येक गादीवर आडवी होऊन डोळे मिटून बघत होती. सहाव्या गादीनंतर बाबा म्हणाले, मी गाडीत बसतो. एवढंच मला आठवत होतं.

मी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. “बाबा, त्या गादीच्या दुकानाबाहेर तुमचा कुणी फोटो काढला होता का?”

“हो तर!” बाबा एकदम खुलले. “एक उंच माणूस आला. मला बघून हात केला. मी पण केला. मग त्याने फोटो काढला. फार सज्जन मनुष्य.”

“आणि समोरच्या चकतीला तुम्ही हात लावला होतात?”

“त्या घड्याळाला? ते पावणेचार तास मागे होतं. मी बरोबर करून ठेवलं.”

बाबांनी त्या दोन महिन्यांत मनगटावरचं घड्याळ एकदाही बदललं नव्हतं. इथे येऊनही औषधं भारताच्या वेळेनेच घ्यायचे. गाडीत बसल्या बसल्या त्यांना ती अकराला लावलेली चकती दिसली, आपल्या घड्याळात पावणेतीन झालेले दिसले, आणि त्यांनी जावयाच्या गाडीतली ती चूक दुरुस्त केली.

नवरा मोबाइलच्या चौकटीबाहेर जाऊन सोफ्यात तोंड खुपसून हसत होता. मागून आईचा आवाज आला, “मी सांगितलं होतं, तिथल्या कशाला हात लावू नका!”

“त्याने एक कागदही दिला,” बाबा म्हणाले. “वायपरखाली ठेवत होता. मी खिडकी उघडून हातातच घेतला.”

“कागद? कुठे आहे तो?”

“फाइलमध्ये.”

बाबा उठून गेले आणि एक फुगलेली फाइल घेऊन आले. तिच्यावर ‘हॉलंड दौरा’ असं लिहिलेलं. त्यातून ट्रामची तिकिटं निघाली, संग्रहालयाचा नकाशा निघाला, चीजच्या पाकिटाचं एक रंगीत वेष्टण निघालं, आणि मग तो कागद. बाबांनी त्यावरचा क्रमांक एकेक आकडा करून वाचला. आमच्या समोरच्या लाल पत्रावरही तोच क्रमांक होता. दोन वर्षं आमच्या दंडाची पावती सांगलीत, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, अगदी सुखरूप होती.

तो काय कागद आहे हे कळल्यावर बाबांचा चेहरा पडला. पण क्षणभरच. कारण बाबांनी सगळी नोकरी वीजखात्यात वसुलीच्या टेबलावर काढली होती. थकबाकीदारांना नोटिसा लिहिणं हेच त्यांचं काम. ते एकदम टेबलावर परत बसल्यासारखे झाले.

“पत्र दाखव,” ते म्हणाले. मी मोबाइल पत्रावर धरून मराठीत सांगत गेले. “हं. अंतिम नोटीस. पण याच्या आधीची पहिली स्मरणनोटीस कुठल्या पत्त्यावर गेली?”

नवऱ्याने हसणं आवरून कंपनीची ईमेल पुन्हा वाचली. पहिलं स्मरणपत्र बुइटनव्हेल्डर्टच्या फ्लॅटवर गेलं होतं. त्याच्या दीड महिना आधीच आम्ही नीउ-व्हेनेपला राहायला आलो होतो, आणि नगरपालिकेत पत्ता बदलूनही झाला होता.

“मग पोच नाही,” बाबा म्हणाले. “पोच नाही तर वरचा खर्च लावता येणार नाही, असं सांग त्यांना. मूळ रक्कम मात्र द्यायची. ती चूक माझी आहे, ते पैसे मी देणार. आणि ईमेल नको. ईमेलवर कुणी ऐकत नाही. फोन कर.”

फोन मी करायचा असं ठरलं, कारण नवऱ्याला अकरा वर्षांत ऑफिसच्या इंग्रजीने डच शिकू दिलं नव्हतं आणि मला येत होतं. आता ते कसं येत होतं तेही सांगते. मी त्याच्या व्हिसावर इथे आले आणि नंतर एका पाळणाघरात कामाला लागले. माझं डच दोन-तीन वर्षांच्या मुलांमध्ये घडलेलं. ‘एकेकाने बोला’, ‘दुसऱ्याची बाहुली ओढायची नाही’, ‘आता कुणाला शू लागली आहे?’ हे मी झोपेत बोलू शकते. कायदा, हप्ता, हरकत हे शब्द आमच्या पाळणाघरात फारसे लागत नाहीत.

मी कागदावर वाक्यं लिहून घेतली. फोन लागला. एक बाई होत्या, आवाज थंड, वाक्यं भराभर. पहिल्याच प्रश्नाला मी घाबरले आणि कागद राहिला बाजूला.

“थांबा,” मी डचमध्ये म्हटलं. “सगळे शांत बसू या. आधी मी बोलते, मग तुम्ही बोलायचं.”

नवरा उठून स्वयंपाकघरात गेला.

“तुमच्या फोटोत एक ओपा आहेत,” मी पुढे म्हटलं. ओपा म्हणजे आजोबा. “ते माझे बाबा. ओपा भारतातून आले होते. ओपा घड्याळाशी खेळले.”

“खेळले?”

“हो. त्यांना वाटलं घड्याळ चुकलं. त्यांनी भारताची वेळ लावली.”

“म्हणजे फोटोत पावणेतीन...”

“भारतात पावणेतीनच वाजले होते!”

मला वाटलं फोन तुटला. आपण मुलांना शिकवतो त्याप्रमाणे माफी मागून प्रकरण मिटवावं, एवढंच मला सुचलं. “ओपाला आता वाईट वाटतंय,” मी म्हटलं. “ओपा सॉरी म्हणतात. ओपा परत असं करणार नाहीत.”

तिकडून जे आलं ते शिंकेसारखं वाटलं. पण शिंक नव्हती. बाई हसत होत्या, आणि आता त्यांना थांबता येत नव्हतं. त्यांनी फोन हाताने झाकून कुणाला तरी ‘पार्किंगच्या चकतीवर भारताची वेळ’ असं सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, आणि मग दोन माणसं हसू लागली. मग मीही. स्वयंपाकघरात एक पातेलं पडलं.

हसून झाल्यावर मी पत्त्याचं सांगितलं. बाईंनी तपासलं आणि त्या पुन्हा गंभीर झाल्या. पत्ता बदलल्याचा दाखला पाठवा, म्हणाल्या, मूळ रक्कम लगेच भरा, वरचा खर्च काढण्याची शिफारस मी करते. “पण लेखी मागणी हवी.”

लेखी म्हटल्यावर बाबांना कोण अडवणार? त्यांनी सांगलीहून इंग्रजीत मसुदा पाठवला. जावक क्रमांक, विषय, संदर्भ, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, सगळं जिथल्या तिथे. शेवटी ‘चकती मी फिरवली, हे मी पूर्ण शुद्धीत मान्य करतो’ असं वाक्य आणि सही. मी ते काढून टाकू म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. पंचेचाळीस युरोंचे रुपये त्यांनी त्याच संध्याकाळी माझ्या सांगलीच्या खात्यात भरले आणि मला पोच पाठवायला लावली.

दहा दिवसांनी उत्तर आलं. या वेळी आम्ही पाकीट दारातच उभं राहून उघडलं. वरचा सगळा खर्च रद्द, मूळ रक्कम मिळाली, प्रकरण बंद. मी मोबाइल पत्रावर धरून ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

“मसुदा बरा आहे,” ते म्हणाले. “थोडा कोरडा आहे. पण बाईंची सही स्वच्छ आहे.”

त्या फोननंतर माझी भीडच चेपली. त्याच आठवड्यात मी खेमेंटेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन करून आमची हरवलेली कचऱ्याची हिरवी पेटी नवीन मागवली. नवरा शेजारी उभा राहून ऐकत होता आणि मी समोरच्या माणसाला प्रेमाने, ठामपणे सांगत होते, की पेटी आमची होती, कुणीतरी ती न विचारता घेतली आणि हे काही छान वागणं नाही. पेटी दोन दिवसांत आली.