मंगलाबाईंचं निळं चक्र

नकलेत मंगलाबाईंचा आवाज काढायचा तर आधी नाकपुड्या फुगवायच्या, हनुवटी वर करायची आणि शब्द दातांत धरून फेकायचे: "पट्टी कुठंय? आं? पट्टी कुठंय?"

सातपूरच्या एका कंपनीत त्या सर्किटवर डायोड बसवायच्या. डायोडच्या एका टोकाला पट्टी असते, ती मायनसची बाजू. उलटा बसला की करंट अडतो आणि माल परत येतो. लाइनवरची एखादी नवी पोरगी पट्टी बघायला विसरली की बाई पेटायच्या. घरीही तेच. रिमोटमध्ये सेल उलटे टाकले म्हणून नवऱ्याचं जेवण त्यांनी दोनदा तरी थंड केलंय. शेजाऱ्याचा टॉर्च लागला नाही तर आधी शेजाऱ्याला झापायचं, मग सेल फिरवून द्यायचे.

दोन हजार चारच्या भीमजयंतीच्या तयारीत ही बाई आणि आमच्या कॉलनीच्या जयंती कमिटीचे अध्यक्ष चिमाजीअण्णा समोरासमोर आले. अण्णांचा आवाज पोटातून येतो, प्रत्येक वाक्य नुकतंच जेवून उठल्यासारखं. बाई म्हणाल्या, यंदा गेटवरचं चक्र महिला मंडळ करणार, निळ्या एलईडीचं. अण्णा म्हणाले, करा की. पण मिरवणूक गेटवर आल्यावर पेटलं नाही, तर पुढच्या वर्षीपासून बायांनी खीर वाटायची, वायरला हात लावायचा नाही. सगळ्या कॉलनीसमोर बाईंनी ते कबूल केलं.

चक्र झकास झालं. एलईडी म्हणजेही डायोडच, उलटा जोडला की लागत नाही; एकेका आरीतले एलईडी बाईंनी स्वतः डाग देऊन जोडले. चुकलं ते वायरीत. दुकानदार लाल-काळी जोडवायर देत होता, लाल प्लसला, काळी मायनसला. बाईंनी ती परत ढकलली. झेंडे निळे, पताका निळ्या, गेट निळं, मग जयंतीत लाल-काळं कशाला? सगळी निळीच आणली. कॉलनीत कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. जयंतीच्या सकाळी पल्लवीला, म्हणजे त्यांच्या लेकीला, पांढऱ्या साडीवर लाल नेलपॉलिश लावलं म्हणून त्यांनी दारातच सोलून काढलं होतं.

संध्याकाळी मिरवणूक कोपऱ्यावर आली. बायकांनी शिडीवर चढून आऱ्यांच्या वायरी पिळून बॅटरीला जोडल्या. अर्धं चक्र लागलं. अर्धं काळं.

अण्णा पोटावर हात ठेवून म्हणाले, "काय मंगलाबाई, अर्धं चक्र सेकंड शिफ्टला येणार का?"

लोक हसले. बाईंच्या नाकपुड्या फुगल्या. न लागलेल्या आऱ्यांची टोकं नुसती अदलाबदल केली असती तरी भागलं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? पण रागात त्यांनी सगळा पिळा धरला आणि ओढून तोडला. सगळं चक्र विझलं. हातात निळ्या टोकांचा झुबका. प्लस कुठलं, मायनस कुठलं, काही खूण नाही. वर्षभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न आता त्यांच्याच गळ्यात आला होता.

कोपऱ्यावर पोरं नाचत होती म्हणून मिरवणूक अडली होती, तेवढाच काय तो वेळ.

"पल्लवे, ती बाटली आण."

"कुठली?"

"लाल! कुठली काय विचारते?"

मग बाईंनी एकेका आरीची दोन टोकं बॅटरीला टेकवायला घेतली. आरी लागली की प्लसवरच्या वायरीला पल्लवी लाल ठिपका द्यायची. नाही लागली की टोकं फिरवायची. बाई सगळा वेळ बोलत होत्या. दुकानदाराला, अण्णांना, निळ्या रंगाला आणि दातांतल्या दातांत स्वतःलाही. "अक्कल कुठं ठेवली होती गं मंगले?" हे वाक्य माझ्या नकलेत फार मागितलं जातं.

सगळी लाल टोकं एका बाजूला पिळली तेव्हा डीजे गेटपासून हाकेच्या अंतरावर होता. बाईंनी वायर टेकवली. चक्र पूर्ण लागलं. गर्दीतून "जय भीम" उठला, आणि शिडीवरच्या बायांनी तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं दिला.

अण्णा वायरीकडे बघत राहिले. "जयंतीला लाल?" ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी अर्धी वायर लालच आणते," बाई शिडीवरून म्हणाल्या. "आणि खीर तुम्ही वाटा. साखर बघून टाका फक्त."

खाली उतरल्यावर त्या पल्लवीवर पुन्हा भडकल्या. बाटलीचं झाकण उघडं ठेवलं होतं.