सुपडूचा आकडा

पहूरच्या सुपडू आधार तायडेची नोकरी लोखंड मोडायची. मुंबईकडच्या एका अणुप्रयोगशाळेत तो तंत्रज्ञ होता. अणुभट्टीत वर्षानुवर्षं न्यूट्रॉनांचा मारा खाल्लेलं पोलाद कडक होतं, पण चिवटपणा गमावतं. वाकायचं तिथे तडकतं. म्हणून त्याच पोलादाचे तुकडे भट्टीच्या आत, भिंतीलगत ठेवतात. काही वर्षांनी ते काढून सुपडू जाड काचेआडून, यंत्राच्या हातांनी, झुलत्या हातोड्यापुढे ठेवायचा. तुकडा मोडायला किती जोर लागला तो आकडा आला तसा लिहायचा. जोर कमी लागला, म्हणजे पोलाद ठिसूळ झालं.

१९८७ साली दोंडाईच्याला मुलगी पाहायला गेल्यावर या शहाण्याने हे सगळं बैठकीत समजावून सांगितलं. सरकारी नोकरी आहे म्हटलं असतं तरी भागलं असतं.

मुलीची आत्या केसरबाई म्हणाली, "लोखंडनं आसं व्हस, तं मानूसनं काय?"

सुपडूने छातीवरच्या बिल्ल्याचं सांगितलं. अंगाला किती किरणं लागली ते त्यावरून दर महिन्याला कळतं. "आजवर तरी आकडा कमीच आहे," तो म्हणाला. त्या 'आजवर तरी'ने सोयरीक मोडल्यातच जमा होती. तेवढ्यात पाणी घेऊन आलेल्या लताने, म्हणजे मुलीनेच, विचारलं, "तो आकडा माले दर महिनाले सांगशात का?"

"सांगीन."

लग्न झालं. मुंबईत सुपडू तिघा जणांबरोबर एका खोलीत राहायचा, म्हणून लता पहूरला सासूजवळ राहिली. दर महिन्याला आकड्याचं पोस्टकार्ड यायचं. पोस्टमन पुना ते वाटेतच वाचायचा आणि कोपऱ्यावरूनच ओरडायचा, "वहिनी, चाळीस!" आळीतल्या बायका मान डोलवायच्या. चाळीस कशाचे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

१९८९च्या मार्चमध्ये पोस्टकार्डाऐवजी बंद आंतरदेशीय पत्र आलं. पुनाला ते वाटेत वाचता आलं नाही, त्याने ते ओट्यावर आणून ठेवलं. लता फार घाबरली. तिने पत्र फोडलं.

आत लिहिलं होतं, 'आकडा एकशे दहा. मर्यादेच्या खूप आत आहे, पण नेहमीपेक्षा जास्त. गावाआधी तुला कळावा म्हणून बंद पाठवला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली. सासूने विचारलं, "तिथं चौघांच्या खोलीत राहशील कुठं?"

"ते मंग पाहसूत," लता म्हणाली. "आते आकडा समोर बसीसन ऐकसू."