हिरवा असलेला पिवळा बंगला

गेल्या मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी, बायको आणि मुलगा असे तिघे त्याच्या साखरपुड्यासाठी जळगाव स्टेशनवर रिक्षात बसलो. मेहरूणपर्यंत ऐंशी रुपये ठरले. मुहूर्त अकरा वीसचा होता. व्याह्यांनी खूण सांगितली होती: पिवळ्या बंगल्यासमोर.

रिक्षावाला धुळ्याकडचा. हसला की हॅण्डलवर थाप मारायचा. एका हिरव्या बंगल्यापाशी थांबून म्हणाला, "उतरा, नाना."

"हा हिरवा आहे. पुढे घ्या."

दोन फेऱ्या झाल्या, पिवळं काही दिसेना. अकरा अठराला तो पुन्हा तिथेच थांबला. "नाना, रंग बदलना, पण बठ्ठा लोक याले पिवळाच म्हंतस."

"जे नाही ते कसं म्हणायचं?"

तेवढ्यात बायको मुलाला म्हणाली, "बाळा, घाम पूस."

रिक्षावाल्याने वळून माझा सहा फुटी, दाढीवाला मुलगा पाहिला आणि हॅण्डलवर थापांचा पाऊस पाडला. "हाऊ बाळ चालस, मंग हाऊ पिवळा का नही चालस?"

सत्तावीस वर्षं मीही त्याला बाळच म्हणत आलो होतो. आम्ही इतके हसलो की समोरच्या घरातून व्याही धावत आले.

मी ठरलेले ऐंशी आणि माझ्या हट्टाचे साठ दिले. ऐंशी त्याने खिशात टाकले. साठ नवरदेवाच्या हातावर ठेवून तो निघून गेला.