टेबलाखालून लावलेला फोन

उमरग्यात हायवेलगतच्या एका छोट्या दवाखान्यात मी काउंटर सांभाळतो. केसपेपर काढणं, नंबर पुकारणं, रांगेतली भांडणं मिटवणं ही माझी कामं. पण पाहुण्यारावळ्यांत कुणी विचारलं की मी "टेलिफोन सिस्टीम बघतो" असं सांगायचो. सिस्टीम म्हणजे माझ्या टेबलाखाली भिंतीला ठोकलेली एक पेटी. बाहेरून आलेल्या दोन लाइनी तिच्यात शिरतात आणि तिथून आतल्या सगळ्या फोनना वायरी जातात. शून्य दाबलं की बाहेर फोन लागतो. संपली सिस्टीम. पण ऐट बघावी तर माझी.

यंदा खंडेनवमीला दवाखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली. एक्स-रेला हार, बीपीच्या मशीनला कुंकू. म्हटलं, आपल्या पेटीनंच काय घोडं मारलंय? सगळ्या वायरी उपसल्या, पेटी फडक्यानं लख्ख पुसली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि वायरी परत खोचून दिल्या. आतल्या फोनच्या वायरींवर नंबर लिहिलेले होते. बाहेरच्या दोन्ही लाइनी मात्र सारख्याच करड्या. कुठली कुठं, हे मला तोंडपाठ आहे अशी माझी समजूत होती.

दसरा झाला, दवाखाना उघडला. बाहेरचे फोन धडाधड येत होते, पण इथून बाहेर एक जाईल तर शपथ! शून्य दाबलं की टोन यायचा, नंबर दाबला की एक बाई थंडपणे सांगायची, या फोनवर ही सेवा उपलब्ध नाही.

एरवी मोबाइलवर भागलं असतं. पण त्या दिवशी माकणीच्या एका मावशींना फोन करायचा होता. त्यांच्या छातीत गाठ निघाली होती आणि तिचा तुकडा तपासायला गेला होता. घरी कुणाला पत्ता नाही. शुगर बघायला जाते, असं सांगून एकट्याच यायच्या. लेकानं दिलेला मोबाइल त्यांना उचलता येतो, लावता येत नाही. फसवणुकीच्या फोनांची धास्ती इतकी, की लेकानं आमच्या दवाखान्याच्या नंबरला वेगळी घंटी लावून दिली होती. ती वाजली तरच विश्वास, बाकीच्यांना शिव्या. जाताना मला बजावून गेल्या होत्या, "भाऊ, काय असंल ते हितनंच सांगा. दुसऱ्या कुणाजवळ निरोप देऊ नगा."

रिपोर्ट सकाळीच आला. गाठ साधी होती. डॉक्टर म्हणाले, "आधी त्यांना कळवा. जीव टांगणीला लागला असेल."

मी माझ्या मोबाइलवरून लावला. "मावशी, दवाखान्यातून बोलतोय. रिपोर्ट चांगला आलाय, गाठ साधी हाय..."

"मुडद्या, लाज वाटती का? आजारी माणसालाबी सोडंनास व्हय?" फोन बंद. पुन्हा लावला तर उचलेचनात.

मग मी सिस्टीमवर तुटून पडलो. पेटी बंद करून चालू केली. तिच्या पेकाटात एक चापट मारली. उंदरांना दोष दिला, मग हायवेच्या खोदकामाला. टेलिफोन ऑफिसला मोबाइलवरून झाप झाप झापलं. तिकडचा माणूस म्हणाला, "येणारे फोन येतात ना? मग लाइन चालू आहे." मी म्हटलं, "मला शिकवू नका!" सिस्टर हळूच म्हणाल्या, "पूजेला वायरी तुम्हीच काढल्या होत्या ना?" मी म्हटलं, "त्याचा काय संबंध?"

दुपार कलली. तिकडं ती बाई एका घंटीकडं कान लावून बसली असेल आणि इकडं मी आपली अब्रू झाकत बसलोय, या विचारानं मला खरंच शरम वाटली. स्टोअरमधून एक जुना साधा फोन काढला आणि टेबलाखाली शिरलो. पेटीतली एक लाइन उपसून सरळ त्या फोनला जोडली आणि त्यावरून माझ्या मोबाइलचा नंबर लावून बघितला. तीच थंड बाई. दुसरी लाइन जोडली. मोबाइल वाजला, आणि त्यावर दवाखान्याचा नंबर!

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. स्टाफ तासन्‌तास गप्पा हाणतो म्हणून डॉक्टरांनी एका लाइनीवरून बाहेर फोन करणं पूर्वीच बंद करून घेतलं होतं. शून्य दाबलं की पेटी पहिल्या भोकातली लाइन उचलते. त्या भोकात मी नेमकी ती बंद लाइन खोचली होती. वर हळदीकुंकू लावून.

पेटी जोडत बसलो नाही. तिथंच मांडी घालून माकणीला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"मावशी, दवाखान्यातून."

"थांबा." दार लावल्याचा आवाज आला. "हं, सांगा."

"गाठ साधी हाय. कॅन्सर न्हाय."

मग त्या म्हणाल्या, "सकाळी एका भामट्यानंबी ह्येच सांगितलं बगा. म्या लई शिव्या घातल्या मेल्याला. पर भाऊ, खरं सांगू? खोटं तर खोटं, त्येच्या बोलण्यावर आज चार घास गेले. किती दिसांनी."

"मावशी, तो भामटा मीच."

"तुमी? मंग ह्या फोनवरनं का न्हाय केला?"

कुणावर ढकलावं, हे मला पहिल्यांदाच सुचलं नाही. "वायरी उलट्या लावल्या होत्या म्या," मी म्हटलं.

"असू द्या. आता तेवढं पुन्यांदा सांगा. सावकाश."

मी सांगितलं. वर काउंटरवर पेशंट "कुणी हाय का न्हाय हितं?" म्हणून टेबल बडवत होते.

"अजून एकदा," मावशी म्हणाल्या, आणि मी पुन्हा सांगितलं.